‘केरबेन’चं हरवलेलं पान

१

शुक्रवारी सकाळी आठला दार वाजलं आणि झिपारच्या काळजात धस्स झालं. आले एकदाचे, असं तिला वाटलं. पण दारात पाहुणे नव्हते. ‘केरबेन’ थिएटरचा म्हातारा रखवालदार अब्दिल एकटाच उभा होता आणि त्याच्या हातात मीरगुलचा निळा कोट होता.

कोट होता, कोटातली मुलगी नव्हती.

मीरगुल ही झिपारच्या मेलेल्या बहिणीची पोर. नऊ वर्षांची असताना मावशीकडे आली ती इथलीच झाली. आता सव्वीस वर्षांची, इमारतींचं शास्त्र शिकलेली, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! ‘केरबेन’ पाडायचा हुकूम निघाला तशी ती टेप घेऊन त्याच्या भिंती मोजत सुटली होती. कुठेतरी काहीतरी असं सापडेल की पाडकाम थांबेल, ही तिची आशा. बुधवारी दुपारी ती घरातून गेली आणि संध्याकाळी फोन आला. तोंडावर रुमाल धरून बोलावं तसा पुरुषाचा आवाज.

“तुमची मुलगी आमच्या घरात आली. मुलगा चांगला आहे. थोरली माणसं माफी मागायला येतील.”

“कोणाचं घर? गाव कोणतं?” झिपारने विचारलं, तेवढ्यात फोन बंद झाला.

मुलगी पळवायची, डोक्यावर ओढणी घालायची आणि मग मोठ्यांनी मेंढी घेऊन माफीला यायचं, ही रीत बिश्केकमध्ये कोणाला नवी नव्हती. कायद्याने गुन्हा होता, पण कायद्याची माणसंसुद्धा त्याच मेंढीचं मटण खात. झिपार स्वतः पोलिसात कॅप्टन, आणि तिचे साहेब तिला म्हणाले, “सव्वीस वर्षांची घरात बसवून ठेवली होतीस, कोणीतरी नेली, सुटलीस! चहा ठेव आणि वाट बघ.” गुरुवार वाट पाहण्यात गेला. कोणी आलं नाही.

“कोट कुठे मिळाला, बाइके?” झिपारने म्हाताऱ्याला विचारलं. वयाने मोठ्या पुरुषाला हाक मारतात तशी तिने मारली, पण आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“माझ्या खोलीत, खिळ्याला. आणि त्या खिळ्यावरचं माझं कापसाचं जुनं जाकीट गायब, ते आज घालायला गेलो तेव्हा कळलं. बुधवारी दुपारी मी पेन्शनच्या रांगेत होतो. आता सांग पोरी, असला कोट ठेवून माझं चिरगूट कोण चोरेल?”

झिपारने कोट नाकाशी धरला. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पळवली जाणारी मुलगी आधी चांगला कोट काढून कामाचं जाकीट घालत नाही. मीरगुल कुठेतरी घाणीत, अडचणीत शिरणार होती. आणि तिथून ती कोट न्यायला परत आलीच नव्हती.

“बाइके, पाडकाम कधी आहे?”

“आजच,” म्हातारा म्हणाला. “एक वाजता.”

२

नोव्हेंबरची थंडी होती. जमीन गोठून दगड झाली होती आणि थिएटरसमोर लोखंडी गोळ्याची क्रेन उभी होती.

‘केरबेन’ म्हणजे उंटांचा तांडा. एकोणीसशे सदुसष्ट साली ते बांधलं तेव्हा लोक नुसती इमारत बघायला यायचे. पुढची बाजू सगळी काचेची. वरचं काँक्रीटचं छत कागदी पंख्याच्या घड्यांसारखं, आणि आठशे माणसांच्या डोक्यावर एकही खांब नाही. काचेच्या वरच्या पट्टीवर कोरलेला उंटांचा तांडा होता. झिपारने पोरवयात याच काचेत बघून वेण्या नीट केल्या होत्या. आता काचा फुटल्या होत्या आणि उंटांना धुळीने आंधळं केलं होतं.

“एजे! या, या!” कंत्राटदार कुबात हात पसरून आला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, सगळ्यांना थोरली बहीण आणि थोरला भाऊ करणारा माणूस. “मीरगुलचं कळलं मला. आनंदाची बातमी! मेंढी कधी?”

“मला आतून सगळं बघायचंय.”

“बघा की. कालच तपासून दाखला दिलाय. इमारत रिकामी, तळघर नाही, साधी मॉस्कोच्या साच्यातली. अशी शंभर गावांत आहेत.” त्याने बगलेतला नकाशा उलगडला. “मी आपला कागदाचा माणूस. कागदावर आहे तेवढंच मला ठाऊक.”

आत खिडकी नव्हती. वीज कापलेली. बॅटरीच्या उजेडात सभागृह उतरतं होत पडद्याकडे गेलं होतं आणि पुढे नुसता काळोख होता. खुर्च्या उपटून उजव्या भिंतीला छातीएवढ्या रचून ठेवल्या होत्या. फरशीवर जिथे खुर्च्या होत्या तिथे ताटलीएवढी, भोकं असलेली लोखंडी झाकणं ओळीने दिसत होती, शेकडो. झिपारला वाटलं, सगळी आपल्याकडेच बघतायत.

“नकाशात डाव्या भिंतीखाली एक खोली दाखवलीय खरी,” कुबात म्हणाला. पडद्याच्या डाव्या अंगाचं दार त्याने स्वतः उघडलं. आत तीन पायऱ्या, एक मोडका झाडू आणि पुढे घट्ट माती. “बघा, बांधलीच नाही.”

झिपारने मातीवर हात ठेवला. तीस वर्षांत तिला कोणी हलवलेलं नव्हतं.

ते बाहेर आले. इमारतीच्या उजव्या अंगाला नाल्याच्या काठावर विटांनी भरलेला ट्रक उभा होता आणि क्रेनवाला त्याच्यामागून यंत्र इमारतीकडे घेत होता. कुबातने हात उडवले. “अरे बाबा, उजव्या भिंतीला लागू नकोस! रुतेल! डावीकडून ये, डावीकडून!” मग तो झिपारकडे वळून हसला. “यंत्र भाड्याचं आहे, एजे. जीव टांगणीला लागतो.”

“पाडकाम थांबव.”

“वरून आणा कागद, आत्ता थांबवतो. नाहीतर एक म्हणजे एक.”

तिने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “एका कोटासाठी?”

३

नकाशांच्या दप्तरखान्यात लारिसा सेर्गेयेव्ना पाक ही साठीची कोरियन बाई गाजराच्या कोशिंबिरीची बरणी उघडून बसली होती. लसणाच्या वासाने खोली भरली होती.

“बुधवारी सकाळी तुमचं आणि माझ्या भाचीचं भांडण झालं,” झिपार उभ्यानेच म्हणाली. “बाहेरच्या पहारेकऱ्याने ऐकलं.”

“सगळ्या गल्लीने ऐकलं असेल.” लारिसाने बरणी बंद केली. “तुमची भाची गोड आहे, आणि तितकीच लबाड. या फायलीचं पहिलं पान कपाटामागे पडलेलं तिने सोमवारी शोधून काढलं. मंगळवारी ‘एकच दिवस द्या’ म्हणून सही करून घेऊन गेली. ही बघा सही. सोमवारी तपासणी आहे. मूळ पान गेलं तर माझी नोकरी गेली, एकोणतीस वर्षांची. मी तिच्यावर किंचाळले. पण मी तिला काही केलं का, ते विचारायला आल्या असाल तर चहा घ्या आणि निघा.”

“त्या पानावर काय होतं?”

“शिक्के, सह्या. पहिलं पान कोण वाचतं?”

“कुबातकडे त्याची नक्कल आहे?”

“नाही. त्याने मे महिन्यात नक्कल नेली तेव्हा ते पान कपाटामागेच होतं.”

झिपारने फाइल पुढे ओढली. “डाव्या भिंतीखाली ही खोली कसली?”

लारिसाचा चेहरा जरा निवळला. “ती आपल्या इथल्या इंजिनियरची. साचा आला मॉस्कोहून, थंडीतल्या लोकांनी काढलेला. इथल्या जुलैत आठशे माणसं कोंडली तर उकडून निघतील. म्हणून त्याने खाली गारव्याची खोली जोडली. रस्त्याकडच्या नाल्याचं पाणी आत घ्यायचं, फवारे उडवायचे, पंख्याने गार हवा बोगद्यातून ढकलायची आणि ती खुर्च्यांखालच्या झाकणांतून वर. तुमची भाची वेडी झाली होती त्यापायी. म्हणे ही खोली सापडली तर इमारत साच्यातली उरत नाही, अशी दुसरी कुठे नाही. मग तिला हात लावता येणार नाही.”

“पण खोली नाही तिथे. माती आहे.”

“मग बांधलीच नसेल. कागदावर खोली बांधायची आणि सिमेंट साहेबाच्या बंगल्यावर न्यायचं, हे तेव्हाही येत होतं लोकांना.”

झिपार बाहेर पडली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मुलगी इमारतीत गेली हे नक्की, बाहेर आली नाही हेही नक्की, आणि आत ती नव्हती. ती पुन्हा थिएटरकडे धावली.

४

अब्दिल थिएटरच्या पायरीवर बसला होता. आत जायला तयार नव्हता.

“काल रात्री खोलीत झोपला नाहीत तुम्ही,” झिपार म्हणाली. “बिछाना थंडगार आहे. का?”

“शेजाऱ्याकडे होतो.”

“बाइके, माझ्याकडे जेमतेम सव्वा तास आहे.”

म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “तू हसशील. लोक म्हणतील प्यायला म्हातारा.”

“मी आज कशालाही हसणार नाही.”

“इथे मेलेली माणसं आहेत, पोरी,” तो अगदी हळू म्हणाला. “काल सकाळी खुर्च्या रचल्यात की नाही बघायला आत गेलो. जमिनीखालून ठकठक आली. मग कोणीतरी कण्हलं. इकडून यावं, तिकडून यावं, सगळ्या झाकणांतून एकदम यावं असं. पितरांना तळणाचा वास द्यायचा तो शुक्रवारी; पण आता गुरुवार तर गुरुवार, म्हटलं त्यांना भूक लागली असेल. खोलीत जाऊन कढई ठेवली, कणकेचे बोरसोक तळले, वास दिला. दुआ केली. तरी कण्हणं थांबेना. मग सात-आठ बोरसोक पडद्याजवळच्या मोठ्या झाकणातून खाली सोडले आणि पळालो.”

झिपार त्याच्याजवळ पायरीवर बसली.

“आणि मग?”

“मग शांत झालं,” म्हातारा म्हणाला. “खाल्ले बहुतेक.”

झिपारने त्याचा दंड इतक्या जोरात पकडला की तो कळवळला. “बाइके, पितर बोरसोक खात नाहीत. ते वासावर तृप्त होतात.”

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा जबडा लटकला आणि डोळ्यांत पाणी आलं. “मी तिला ऐकलं,” तो म्हणाला, “आणि मी पळालो.”

ती आत धावली. पडद्याजवळच्या झाकणाशी पालथी पडून तिने हाका मारल्या. “मीरगुल! मीरगुल, बाळा!” हाक बोगद्यात शिरली आणि फुटक्या मडक्यात घुमल्यासारखी परत आली. उत्तर आलं नाही. ठकठकसुद्धा आली नाही.

झाकणातून मूठ जेमतेम जात होती. खाली खोली होती, तिच्यात मुलगी होती, आणि खोलीला दार नव्हतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

फरशी फोडायला कुदळ लागणार होती आणि कुदळी कुबातच्या माणसांकडे होत्या. तिच्या मनातून कोणीतरी तिला थांब म्हणत होतं. झिपार फाइलमधून आणलेली नक्कल घेऊन फुटपाथवर आली. विचार कर, तिने स्वतःला बजावलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींसाठी केलास, आता हिच्यासाठी कर.

नकाशात पाण्याची निळी रेघ डावीकडून येऊन खोलीत शिरत होती. तिने डावीकडे पाहिलं. डावीकडे शाळेचं कुंपण होतं, जुनं, युद्धाच्या आधीचं. नाला उजवीकडे होता. त्याच्या काठचे एल्म वृक्ष इतके जाड होते की दोन माणसांच्या कवेत मावले नसते. हा नाला कोणी कालपरवा खोदलेला नव्हता.

मग पाणी कुठून यायचं? छपरावरून?

ती रखवालदाराच्या खोलीत धावली. फोनची तार अजून कापली नव्हती.

“लारिसा सेर्गेयेव्ना, नाला कागदावर डावीकडे आहे. जमिनीवर उजवीकडे आहे.”

पलीकडे फायलीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

“देवा!” लारिसा म्हणाली. “आरसा. अहो, आरसा केलाय त्यांनी! साचा जागेवर बसला नाही तर तेव्हा नवे नकाशे कोणी काढायचं नाही. एवढा वेळ कोणाला? पहिल्या पानावर एक शिक्का मारायचे, ‘आरशात दिसेल तसं बांधा’. की मग डावीकडचं सगळं उजवीकडे. गवंड्यांना सवय होती. आणि ते पान हरवलं की सगळी इमारत उलटी. म्हणून हवं होतं तिला ते पान!”

झिपारने फोन ठेवलाही नाही. उजवी भिंत. रचलेल्या खुर्च्या.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या मनात उतरली, हळूहळू, थंड पाण्यासारखी. तिला सकाळचा एक आवाज ऐकू आला. तिने अब्दिलला खांद्याला धरून उभं केलं.

“बाइके, क्रेनसमोर जाऊन उभे राहा. काही झालं तरी हलू नका.”

“मी?” म्हातारा पांढरा पडला. मग त्याने टोपी घट्ट बसवली. “जातो. काल पळालो, आज नाही पळत.”

६

खुर्च्या चार-चारच्या पट्टीत जोडलेल्या होत्या. झिपार एकटीने त्या ओढत होती, नखं तुटत होती, बॅटरी फरशीवर ठेवलेली. पाचव्या पट्टीमागे लोखंडी दार दिसलं, कमरेएवढं. त्याला नवं, चकचकीत कुलूप होतं.

“एजे, बाहेर या.” मागून आवाज आला. “एक वाजत आला.”

कुबात काळोखात उभा होता. हातात पहार होती. तिने बॅटरी त्याच्यावर टाकली नाही. तिला त्याचा चेहरा बघायचा नव्हता. पिस्तूल कपाटात होतं, घरी, आणि ती रजेवर होती.

“किल्ली दे, कुबात.”

“कसली किल्ली? मी कागदाचा माणूस.”

“कागदाचाच असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तुझ्या कागदात खोली डावीकडे आहे. पहिलं पान तुझ्याकडे कधी नव्हतंच. डाव्या बाजूची माती तू मला स्वतः दाखवलीस. म्हणजे तुझ्या हिशोबी या इमारतीखाली कुठेच पोकळी नाही. मग सकाळी उजव्या भिंतीपाशी यंत्र रुतेल असं का ओरडलास?”

“तिथे नाला आहे म्हणून. काठ भुसभुशीत असतो.”

“जमीन गोठून दगड झालीय. तुझा विटांनी भरलेला ट्रक सकाळपासून नेमका नाल्याच्या काठावर उभा आहे, त्याला तू काही म्हणाला नाहीस. भिंतीपाशीच तेवढं नको. भिंतीखाली पोकळ आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही. लारिसाला माहीत नव्हतं, अब्दिलला माहीत नव्हतं. माहीत होतं मीरगुलला, आणि तिने ज्याला आनंदाने हाताला धरून आणून दाखवलं त्याला.”

पहारीचं टोक फरशीवर खरडलं.

“फोनही तुझाच. खरे लोक आधी घराण्याचं नाव सांगतात, मिरवतात. तू गाव सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर मी तासाभरात तिथे असते. यंत्र वाचवलंस, कुबात. भाड्याचं यंत्र वाचवलंस.”

पहार खाली आली की वर गेली हे तिला दिसलं नाही. तिने डोळे मिटले. मग लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

“दोनच दिवस ठेवायची होती,” कुबात म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. “पाडकाम सुरू झालं की सोडणार होतो. ती म्हणाली, उद्या जुन्या इमारतींच्या आयोगापुढे जाते. सगळं बुडालं असतं माझं. दार लावलं. आणि मग एजे, मग उघडायचं कसं? उघडलं की ती सांगणार. प्रत्येक तासाला उघडणं जास्त अवघड होत गेलं.”

“किल्ली.”

त्याच क्षणी इमारत हादरली. छताच्या घड्यांतून गिलावा धबाधबा कोसळला. बाहेर लोक ओरडत होते. समोरच्या म्हाताऱ्याला न जुमानता क्रेनवाल्याने एकचा ठोका पाळला होता. झिपार श्वास धरून दुसऱ्या तडाख्याची वाट बघत राहिली. दुसरा आला नाही. बाहेरून अब्दिलच्या शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या, एकाहून एक, न थांबता.

किल्ली तिच्या पायाशी येऊन पडली.

७

पायऱ्या बारा होत्या. खाली लोखंडी नळ्यांचं जाळं, गंजलेला पंखा, आणि एका कोपऱ्यात कापसाच्या जाकिटात गुंडाळलेलं एक गाठोडं. झिपारने हात लावला तेव्हा ते गार होतं. तिने तिथेच बसून ते उरापाशी ओढलं आणि आयुष्यात कधी रडली नव्हती तशी रडली. बऱ्याच वेळाने गाठोड्यातून मावशीला मारलेली हाक आली.

“तायएजे, दाबू नकोस. हाडं दुखतात.”

शिक्क्याचं पान मीरगुलने पोटाशी, सदऱ्याच्या आत ठेवलं होतं. ओलं झालं होतं, पण शिक्का वाचता येत होता. दुपारी साहेब धावत आले, कुबातला बेड्या पडल्या, क्रेन परत गेली. लारिसा गाडी करून आली आणि पान हातात घेऊन भर रस्त्यात हमसाहमशी रडली. ‘केरबेन’ पुढे वाचलं. त्या दिवशी मात्र डाव्या भिंतीला एक भगदाड होतं आणि त्यातून बाहेरचा उजेड पहिल्यांदाच सभागृहात आला होता.

रुग्णवाहिकेत मीरगुलला तीन पांघरुणं घातली. ओठ निळे होते, बोटं हळदीसारखी पिवळी. झिपारने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला घेतला.

“आज वार कोणता?” मीरगुलने विचारलं.

“शुक्रवार.”

मुलगी मनाशी मोजत होती. मोजायची तिला सवयच होती. “खाली दिवस कळत नाही. मी स्वतःला सांगत होते, बुधवारी रात्री मी घरी नाही आले की तायएजे शोधायला निघेल. पोलिसात आहे ती. सकाळपर्यंत येईल. मग वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल. नळीवर विटेने ठोकत होते. म्हटलं, तिला ऐकू जाईल.” ती थांबली. “म्हणजे गुरुवार अख्खा गेला. तुला साहेबांनी अडवलं का?”

झिपारला हो म्हणता आलं असतं. साहेब अडवणाऱ्यांतलेच होते, कोणीही विश्वास ठेवला असता.

“नाही,” ती म्हणाली. “फोन आला होता, तुला नेली म्हणून. गाव सांगितलं नाही त्याने. ते मला त्याच वेळी खटकलं होतं, बाळा. त्याच वेळी. पण मी मनाला समजावलं. म्हटलं, घर चांगलं असेल. म्हटलं, माझंही असंच झालं होतं, सवय होते.”

“मग काल तू कुठे होतीस?”

“घरी होते. माफी मागायला येतील त्यांच्यासाठी कणीक मळत होते.”

गाडी खड्ड्यातून गेली. मीरगुलने मावशीच्या हातातून आपला हात हळूच सोडवला आणि पांघरुणाखाली घेतला. झिपारने तो परत मागितला नाही.